पायाला पेडल कळलं पाहिजे

गेल्या नोव्हेंबरात अप्पांना पुण्याहून पोलादपूरला सोडायला निघालो होतो. अप्पा म्हणजे माझे चुलते. एसटीत, महाड आगाराला, ३१ वर्षं ड्रायव्हर होते. डोळ्यांच्या तपासणीसाठी आठवडाभर आमच्याकडे राहिले होते. वाई, पसरणी घाट, पाचगणी, महाबळेश्वर करत आंबेनळी घाटाला लागलो तेव्हा साडेआठ वाजले होते. कोवळं ऊन, रिकामा रस्ता. महिन्यातून एकदा तरी या घाटाने जातो, त्यामुळे वळणं जवळपास पाठ आहेत.

उतारावरच्या एका मोठ्या डाव्या वळणाआधी ब्रेक दाबला, क्लच दाबला, दुसरा गिअर टाकायला हात मागे ओढला आणि इंजिन एकदम ओरडलं. ब्रेकवरच्या उजव्या बुटाची बाहेरची कड अ‍ॅक्सिलरेटरवर चढली होती. दचकून मी अख्खा पाय उचलला, म्हणजे ब्रेकही सुटला. पाय पुन्हा ब्रेकवर येईपर्यंत गाडी वळणात शिरलेली होती. उजवीकडची चाकं मधल्या पट्ट्याच्या पलीकडे गेली. समोरून कुणी येत नव्हतं म्हणून हे लिहितो आहे.

अप्पा काही बोलले नाहीत. वाडा कुंभरोशीला चहाला थांबलो तेव्हा म्हणाले, "उजवा बूट काढ बघू."

काढून दिला. चांगला महागाचा, पळण्यासाठीचा बूट होता. टाचेखाली बोटभर जाडीचा फोम, आणि सोल पायापेक्षा दोन्ही बाजूंनी बाहेर पसरलेला. अप्पांनी तो उलटा केला आणि टाचेवर अंगठा दाबला. अंगठा आत गेला. सोडल्यावर फोम हळूच वर आला. दोनतीनदा त्यांनी तसंच केलं.

"गादीवर उभं राहिल्यावर खालचा खडा लागतो का पायाला?" त्यांनी विचारलं. "मग ब्रेक किती दाबला ते कसं कळणार? पायाला पेडल कळलं पाहिजे."

मग त्यांनी सुरुवातीच्या काळातल्या गाड्यांबद्दल सांगितलं. तेव्हाच्या गिअरबॉक्समध्ये गिअर आपोआप जुळत नसत. घाटात खालचा गिअर टाकायचा तर क्लच, न्यूट्रल, क्लच सोडून रेस, पुन्हा क्लच आणि मग गिअर. रेस कमी पडली तर गिअर दात खायचा, जास्त झाली तर गाडीला हिसका बसायचा आणि मागच्या सीटवरची माणसं पुढच्या दांडीवर आपटायची. हे सगळं पायाच्या अंदाजावर चालायचं. अप्पा ड्युटीवर नेहमी पातळ सोलचे काळे बूट घालत. सोल झिजून गुळगुळीत झाला की दुसरा लावून घेत, पण जाड सोल कधी लावला नाही, असं म्हणाले.

त्या दिवशी उरलेला घाट मी दुसऱ्या गिअरमध्ये, सावकाश उतरलो. परत येताना ठरवलं, की गाडी चालवायचा बूट आता विचार करून घ्यायचा.

माझी गाडी फोक्सवॅगनची पोलो आहे. एक लिटरचं टर्बो इंजिन, ११० पीएस ताकद, सहा गिअरची मॅन्युअल. २०२२मध्ये ही गाडी भारतात बंद झाली, म्हणून ती जास्तच जपतो. रविवारी पहाटे कोथरूडहून निघून पौड, मुळशी, ताम्हिणी करत निजामपूरपर्यंत जायचं आणि नऊच्या आत परत यायचं, हा माझा आवडता उद्योग. मी ताशी वेग मोजत बसत नाही. वळणाआधी वेळेवर ब्रेक, योग्य गिअर, वळणातून बाहेर पडताना हळूहळू वाढवलेली रेस, आणि शेजारी बसलेल्याचं डोकं कुठेही हलू नये, याचा आनंद मोठा असतो. आपली लेन सोडायची नाही, हा पहिला नियम. त्या दिवशी तोच मोडला, म्हणून ते इतकं लागलं.

असं चालवताना सगळ्यात नाजूक काम असतं उजव्या पायाचं. तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना त्याच वेगाला इंजिनाचे फेरे साधारण दीडपट व्हावे लागतात. अडीच हजारांवर असाल तर पावणेचार हजारांच्या आसपास. ते आपण वाढवले नाहीत तर क्लच सोडताना चाकं ते काम करतात आणि गाडी अडखळते. ओल्या उतारावर ते धोक्याचंही ठरतं. म्हणून चवड्याने ब्रेक दाबलेला ठेवून त्याच पायाच्या बाहेरच्या कडेने अ‍ॅक्सिलरेटरला एक टिचकी द्यायची. याला हील-अँड-टो म्हणतात. नावात टाच असली तरी आजच्या बहुतेक गाड्यांत पेडलं इतकी जवळ असतात, की चवड्याची डावी बाजू ब्रेकवर आणि उजवी अ‍ॅक्सिलरेटरवर, असंच ते होतं. म्हणजे त्या दिवशी माझ्या बुटाने जे आपण होऊन केलं, तेच मला हवं तेव्हा, हवं तेवढं करता आलं पाहिजे. आपल्या पायाची कड कुठे संपते हे आपल्याला माहीत असतं. बुटाची कड त्याच्या बाहेर सेंटिमीटरभर गेली, की तो अंदाज खोटा ठरतो.

घरी आल्यावर पट्टी घेऊन बसलो. चवड्यापाशी माझा उघडा पाय साडेदहा सेंटिमीटर रुंद. तो पळण्याचा बूट त्याच ठिकाणी पावणेबारा. ऑफिसचा काळा चामडी बूट अकरा. आणि माळ्यावरच्या खोक्यात मुलाचे जुने पांढरे कॅनव्हासचे पीटीचे बूट होते (नववीत त्याचा पाय माझ्याएवढा झाला होता), ते पावणेअकरा. पट्टीवर फरक मिलिमीटरांचा दिसतो, पण दोन पेडलांमध्ये जागाही चार बोटांचीच असते.

मग वजनकाट्याचा प्रयोग केला. घरातला वजनकाटा भिंतीला तिरका टेकवला, समोर खुर्ची मांडली, टाच जमिनीवर ठेवली आणि डोळे मिटून चवड्याने दाबत गेलो. दहा किलो झाले असं वाटलं की थांबायचं. बायको आकडा वाचायची. प्रत्येक बुटाला दहा वेळा. पळण्याच्या बुटात सात ते चौदा यांमध्ये काहीही यायचं. फोम आधी दबतो, मग जोर पुढे पोचतो, त्यामुळे पायाला खरा जोर कळतच नाही. ऑफिसच्या बुटात बरं होतं, पण चामड्याचा सोल काट्याच्या काचेवरून दोनदा सटकला. पीटीच्या बुटात आकडा नऊ ते अकराच्या बाहेर फारसा गेला नाही. अनवाणी पायाने तर त्याहून चांगला.

मग अनवाणीच का चालवू नये? पंधरा दिवस तेही करून पाहिलं. शहरातल्या शहरात ठीक वाटलं. पण घाटात जोरात ब्रेक लावायची वेळ आली की पेडलाच्या खाचा चवड्यात रुततात, आणि दुखतंय म्हणून पाय नकळत हात राखून दाबतो. ऐन वेळी पायाने कचरणं परवडणारं नाही. शिवाय घाम आला की पाय सरकतो.

चपलेचा विचारच केला नाही. चप्पल घालून गाडी चालवली तर दंड होतो, अशी अफवा मध्ये फिरत होती. तसा काही दंड नाही, असा खुलासा २०१९मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या कार्यालयानेच केला होता. पण दंड नसला म्हणून टाच मोकळी असलेली चप्पल ब्रेकच्या खाली जायची थांबत नाही. कोल्हापुरी मला जीव की प्राण आहे. गाडीत बसताना ती डिकीत जाते. सीटखाली ठेवत नाही, कारण उतारावर सुटी वस्तू घरंगळत पेडलांपर्यंत येते.

आता बाजार. एका मोटर स्पोर्टच्या दुकानात शर्यतीचे बूट पाहिले. पायात घातल्यावर भारी वाटलं: घोट्यापर्यंत घट्ट, अरुंद, कागदासारखा सोल, टाच मागून वर वळवलेली. पण ते बूट मुळात आगीपासून वाचवण्यासाठी असतात. एफआयए या मोटर शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या ८८५६ क्रमांकाच्या मानकात बसणारा बूट म्हणजे न पेटणारं अस्तर, न पेटणारा धागा. पैसे त्याचे मोजायचे. मला रविवारी सकाळी फाट्यावर मिसळ खायला उतरायचं असतं, सोमवारी हिंजवडीला ऑफिसला जायचं असतं. लाल-निळ्या पट्ट्यांचा घोट्यापर्यंतचा बूट तिथे घालून जाणं मला जमणार नाही. आणि डांबरावर चालून त्या पातळ सोलचं काय होईल, ते दिसतच होतं. माझी अट पक्की झाली ती तिथेच: घरून निघताना घालायचा, दिवसभर पायात राहायचा, आणि कुणाच्या डोळ्यात भरायचा नाही. गाडीपाशी येऊन बूट बदलायचा असला, की घाईच्या दिवशी तो बदलला जात नाही.

यावरचं इटलीतलं उत्तर जुनं आहे. १९६३मध्ये जिआन्नी मोस्तिले या माणसाने मऊ चामड्याच्या, बिननाडीच्या मोकॅसिन बुटाला तळाला रबराचे छोटे गोळे बसवले आणि कार शू नावाने ते विकायला आणले. सत्तरीच्या दशकाच्या शेवटी टॉड्स या इटालियन कंपनीने तीच कल्पना जगभर नेली. टाचेच्या मागेही गोळे वर चढवलेले असतात, कारण गाडी चालवताना टाच उभी टेकत नाही, मागच्या गोलाईवर टेकून फिरते. सिसिलीत चेफालू गावचे चिच्चो लिबेर्तो हे चर्मकार तर तार्गा फ्लोरिओच्या ड्रायव्हरांसाठी हाताने बूट बनवून द्यायचे. ती शर्यत डोंगरातल्या गावरस्त्यांवर व्हायची, म्हणजे आपल्या घाटांचीच जात. डोंगरात गाडी नीट न्यायची तर आधी चांभाराकडे जावं, हे तिकडच्या ड्रायव्हरांना साठ वर्षांपूर्वीच पटलं होतं.

तसे गोळ्यांचे मोकॅसिन लक्ष्मी रोडच्या एका दुकानातून मीही घेतले, आपल्याकडच्याच बनावटीचे, तपकिरी स्वेडचे, म्हणजे मखमली चामड्याचे. पेडल छान कळायचं. दिसायलाही साधे, पँटखाली कुणाला काही वेगळं वाटायचं नाही. पण महिन्याभरात चामडं सैल झालं आणि ब्रेकवरून अ‍ॅक्सिलरेटरवर जाताना टाच बुटातून अर्धी बाहेर यायला लागली. गोळ्यांमध्ये खडी अडकायची. पार्किंगपासून ऑफिसपर्यंत रोज चालून चवड्याखालचे गोळे सपाट झाले. आणि ताम्हिणीच्या पावसात स्वेड म्हणजे दोन दिवस वाळत घालायचं काम. कोरड्या हवेच्या गावात, फक्त गाडीपुरता, तो बूट उत्तम असेल.

सपाट सोलचे जुन्या वळणाचे स्नीकर्स हा पुढचा प्रयत्न. ओनित्सुका टायगर या जपानी ब्रँडचा मेक्सिको ६६ पायात घातला आणि दुकानातच टाच टेकून पाय डावीउजवीकडे फिरवून पाहिला. सोल इतका पातळ, की फरशीचा सांधा लागत होता. हौशी ड्रायव्हर त्यावर इतके खूश का असतात, ते लगेच कळलं. माझा चवडा मात्र रुंद आहे, करंगळीला चिमटा बसायचा. एक नंबर मोठा घेतला तर पुढे मोकळी जागा राहायची आणि टोक क्लचला लागायचं. अरुंद पायाच्या माणसाने तो नक्की घालून पाहावा. कॅनव्हासचे उंच बूट तर लगेच ठेवून दिले. त्यांना पुढे जी रबराची जाड पट्टी फिरवलेली असते, ती ब्रेकच्या कडेला घासते.

दुकानांतून फिरताना काही गोष्टी अंगवळणी पडल्या. बूट घ्यायला संध्याकाळी जायचं, दिवसभराने पाय थोडा सुजलेला असतो. जे मोजे घालून गाडी चालवणार तेच, पातळ सुती, घालून जायचं. बूट हातात घेऊन सोल मधून वाकवायचा: चवड्यापाशी वाकला पाहिजे, पायाच्या कमानीखाली वाकता कामा नये, नाहीतर क्लच दाबून दाबून तळवा दुखतो. मग बूट उलटा धरून वरून खाली बघायचं, सोल चामड्याच्या बाहेर किती डोकावतो ते. विक्रेत्यांना हे विचित्र वाटायचं. ते उशी किती मऊ आहे ते सांगायचे आणि मी नेमकी तीच नको म्हणायचो.

शेवटी जो बूट सापडला तो एका साध्या दुकानात, खालच्या फळीवर होता. गडद तपकिरी चामडं, नाड्यांचा, कुठे शिक्का नाही, पट्टा नाही. वरचा भाग मऊ, टाचेला पकड चांगली. सोल मात्र जाड आणि टाच चौकोनी ठोकळ्याची. घेतला आणि डहाणूकर कॉलनीतल्या आमच्या नेहमीच्या चांभारकाकांकडे नेला.

काकांनी पहिला प्रश्न विचारला, "शिलाईचा आहे की चिकटवलेला?" नखाने कडेची पट्टी उचकून त्यांनीच बघितलं. "चिकटवलेला आहे. शिलाईचा असता तर कड मारता आली नसती, दोरा तुटला असता." मी त्यांना खुर्चीवर बसून, टाच टेकून, पाय कसा फिरतो ते दाखवलं. एकदा दाखवल्यावर त्यांना कळलं. त्यांनी फक्त विचारलं, "कोणत्या अंगाला जास्त?"

मी तासभर तिथेच बसलो. जुना सोल गरम करून त्यांनी सोलून काढला. पाच मिलिमीटरच्या काळ्या रबराची शीट घेतली, तिच्यावर बूट ठेवून खडूने रेघ ओढली आणि रापीने कापली. दोन्ही बाजूंना सोल्यूशन लावून वाळू दिलं, बोटाला चिकटेनासं झाल्यावर दाबून बसवलं आणि तिपाईवर घालून कडेकडेने ठोकलं. मग रापी पुन्हा कडेने फिरवली. रबराची पातळ सालपटं खाली पडत होती आणि सोलची कड चामड्याच्या बरोबरीला येत होती. टाचेला त्यांनी आणखी एकच थर दिला, मागची धार तिरकी उतरवली, पॉलिश पेपरने गोल केली, आणि रबराची एक जीभ टाचेच्या मागे बोटभर वर चढवून चिकटवली. म्हणजे चेफालूच्या कारागिराने जे केलं असेल, जवळपास तेच. आणि यांना मी फक्त पाय फिरवून दाखवला होता. घरी येऊन चवड्यापाशी मोजलं: पावणेअकरा. पीटीच्या बुटाएवढं.

वजनकाट्यावर आकडा पुन्हा नऊ आणि अकराच्या आत आला. पण काट्यावर बसून घाट उतरता येत नाही. पहिले तीन दिवस सोसायटीच्या आवारात, इंजिन बंद ठेवून, नुसता सराव केला: ब्रेक, क्लच, कडेची टिचकी. नवं रबर जरा जास्तच धरत होतं, ब्रेकवर पाय फिरवायचा म्हटला तर अडायचा. आठवडाभर चालल्यावर ते मऊ झालं. याच सरावात दोन वेगळ्याच गोष्टी लक्षात आल्या. एक, नाडीचा लांब फास क्लचच्या दांडीला लागत होता. आता दुहेरी गाठ मारून टोकं आत खोचतो. दुसरी, मूळ मॅटवर मी जी दुसरी रबरी मॅट टाकली होती ती टाचेबरोबर पुढे सरकत होती. ती काढून टाकली. बूट कितीही चांगला असला तरी टाच ज्यावर टेकते ते हलत असेल तर उपयोग नाही.

मग थंडीतल्याच एका रविवारी ताम्हिणी केली. मुळशीच्या पाण्यावर धुकं होतं, हात गार पडले होते. पहिल्या उतारावर मुद्दाम सावकाश गेलो. तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना ब्रेकवर चवड्याचा दाब तसाच राहिला, कडेने टिचकी बसली, काटा वर गेला, क्लच सोडला आणि गाडीला काहीच झालं नाही. हिसका नाही, आवाजात खंड नाही. पुढच्या वळणाला पुन्हा तसंच. ब्रेकवर जोर असताना डिस्कची बारीक थरथर सोलमधून चवड्याला लागत होती. त्या जाड बुटात ती इतकी वर्षं मला कधी लागलीच नव्हती. निजामपूरला चहा घेतला आणि तसाच परत फिरलो, तोच बूट दुसऱ्या दिवशी ऑफिसला घातला. कुणी काही विचारलं नाही.

पावसाळ्याची परीक्षा जूनमध्ये झाली. ओल्या मातीतून येऊन बसलं की सपाट रबर पेडलावर साबणासारखं होतं. काकांकडून चवड्याखाली उथळ आडव्या खाचा मारून घेतल्या आणि दाराच्या कप्प्यात जुन्या धोतराचा तुकडा ठेवला. बसल्यावर आधी दोन्ही सोल पुसायचे, मगच चावी. आता त्याशिवाय हात चावीकडे जात नाही.

गणपतीत अप्पांना आणायला गेलो आणि विसर्जनानंतर परत सोडायला. महाबळेश्वर सोडलं तेव्हा त्यांनी खाली वाकून माझ्या पायाकडे बघितलं, "हां," एवढंच म्हणाले. घाटात पाऊस भुरभुरत होता. प्रतापगडचा फाटा मागे पडल्यावर काहीतरी विचारायला त्यांच्याकडे वळलो, तर डोकं खिडकीला टेकून ते झोपले होते.

गेल्या आठवड्यात बूट पुन्हा काकांकडे टाकला. उजव्या टाचेची मागची, बाहेरच्या अंगाची कड झिजून गेली आहे. डावी जशीच्या तशी. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय तिथेच टेकून असतो ना. मी म्हटलं, एकच टाच बदला. काका म्हणाले, "दोन्ही बदलू दादा. एक उंच, एक ठेंगणी झाली तर चालताना कंबर धरेल." सोमवारी मिळतील. तोवर पीटीचे बूट आहेत.